तिथीची पाऊणपट

गुरुवारी सकाळी पावणेआठला, माझ्या हातांना साबण लागलेला असताना नळ गेला. एकदम नाही गेला. आधी धार बारीक झाली, मग सुतळीएवढी, मग नळाने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाला. मी दोन्ही हात पुढे धरून तशीच उभी राहिले. सकाळी साडेनऊ-दहापर्यंत तसेही हे हात माझे नसतात. संधिवात झाल्यापासून रात्री कुणीतरी माझे हात काढून घेतं आणि सकाळी दुसऱ्या कुणाचे तरी, आखडलेले, सुजलेले, जोडून देतं. दहाच्या सुमाराला ते हळूहळू ओळख देऊ लागतात. तोवर मी दोन पंजांत धरून चहा पिते, गॅसचं बटण मनगटाने फिरवते, आणि सूनबाई मनाली बघत असली की काहीच करत नाही, नुसती खिडकीत उभी राहून कबुतरं बघते. मनालीला वाटतं सासूबाईंना कबुतरं आवडतात. तर साबण वाळत होता आणि समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस आरडाओरडा चालला होता, तो दीपेश, माझा मुलगा, जेवताना वाचून दाखवायचा: बी विंगचं पाणी सोमवारी साडेपाचला गेलं, मंगळवारी सव्वासहाला, बुधवारी सातला. प्लंबर म्हणाला, लाइनमध्ये हवा धरते. सेक्रेटरी चंद्रहास काका म्हणाले, हवा घड्याळ लावून येते का. आणि आज पावणेआठ. रोज पाऊण तास पुढे. कॅलेंडरवर त्रयोदशी होती, भाद्रपद वद्य. तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला भरती, म्हणजे खाडीच्या बांधाची उघाडी दोन तास आधी लावायची, पावणेआठला. हे सगळं मी डोक्यात केलं नाही, ते आपोआप झालं. दादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, खोलीत डोकावले. पलंग रिकामा, चादरीची घडी घातलेली, चपला नाहीत.

पाऊणकी मी शाळेच्या आधी शिकले. एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठल्याही तिथीला खाडी किती वाजता भरेल हे ते झोपेतून उठवलं तरी सांगायचे. आमची शेती खाडीला लागून, खाजणातली. चिंचोटीच्या धबधब्यावर हल्ली पोरंपोरी भिजायला जातात. ते पाणी पुढे कुठे जातं हे त्यांना विचारायचं कारण नाही, पण आम्ही त्या पाण्याच्या खालच्या टोकाला राहायचो. डोंगराचं गोडं पाणी शेतातून खाडीत उतरायचं आणि खाडीचं खारं पाणी भरतीला शेतात शिरायला बघायचं. मधे बांध, आणि बांधात एक भोक, त्याला लाकडी फळी. ती उघाडी. भरती यायच्या आधी फळी खाली सोडायची, पाणी फिरलं की वर ओढायची, म्हणजे आतलं साचलेलं निघून जातं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत खाडी बांधापर्यंत पोचतच नसे, तेव्हा सुट्टी. दशमीपासून उधाण धरू लागलं की आमच्या घरात जेवणाच्या वेळा, झोपेच्या वेळा, भांडणाच्या वेळासुद्धा रोज पाऊण तास पुढे सरकायच्या. एखाद्या दिवशी पहाटे जेवण, एखाद्या दिवशी दुपारी आंघोळ. मला पुष्कळ मोठी होईपर्यंत वाटायचं, सगळ्या जगाचं असंच असतं. फळी दादा ओढायचा. तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याचे दंड असे की गावातल्या बाया उगाच विचारायच्या, धर्मा, जेवलास काय रं. आणि मी, अकरा वर्षांची, बांधावर बसून काठी बघायची. खाडीच्या बाजूला तिवराची काठी रोवलेली, तिच्यावर कोयत्याने पाडलेल्या खाचा. पाणी वरच्या खाचेवरून उतरून दुसऱ्या खाचेच्या खाली गेलं की मी ओरडायचं, "पानी फिरला." तेवढंच काम. आबा म्हणायचे, "काठीवरशी डोला हालवू नको गो, जिजे." काठीकडे एकटक बघितलं की काही वेळाने वाटायचं, पाणी तिथेच आहे आणि आपणच, बांधासकट, वर चाललोय.

दादा साडेआठला आला. शर्टाला गंज लागला होता, तळहात लाल. गच्चीवरच्या टाकीचा वॉल लोखंडी चाकाचा असतो, तो फिरवला की असाच गंज लागतो, हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. इथे आल्यापासून माझे गुडघे गच्चीवर एकदाही चढले नव्हते. तो ताटावर बसला, रात्रीच्या भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला आणि ताट सरकवलं. "खारी हाय." सोमवारपासून त्याला सगळंच खारट लागत होतं. डाळ खारट, चहा खारट, एकदा पाणीसुद्धा. मी समजत होते की हात वाकडे झाल्यापासून माझ्या चिमटीचा अंदाज चुकतोय, आणि दीपेशला कळू नये म्हणून मीठ घालायचंच सोडलं होतं. दीपेश बिचारा वरून मीठ घेऊन मुकाट्याने जेवत होता. आता कळलं. वॉचमन वर जाऊन वॉल उघडत होता, भरती डोक्यावर असताना, आणि दादाच्या हिशोबाने खाडी शेतात शिरत होती. रोज. चार दिवस त्याच्या डोळ्यांसमोर भात जळत होता आणि तो आमच्यात बसून डाळभाकरी खायचा प्रयत्न करत होता.

त्याचं दुखणं बाविसाव्या वर्षी उघड झालं. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं, गावाने आखूड नाव ठेवलं, आणि गोळ्या सुरू झाल्या त्या आजतागायत. गोळ्यांनी आवाज गेले, पण आवाजांबरोबर बरंच काही गेलं. आंघोळीला बसला की तास-दीड तास. शर्ट पुढ्यात ठेवला की उजवा हात आधी की डावा यावर अडकतो, आणि अडकला की संध्याकाळपर्यंत बनियनवर. पण एकदा एखादी गोष्ट लावून दिली की ती घट्ट लावतो. आमच्या घरातल्या बरण्यांची झाकणं तो लावतो, आणि मग ती तोच उघडू शकतो. मनालीने एकदा मोहरीसाठी शेजारच्या सरोजिनीबाईंच्या मिस्टरांना बोलावलं होतं. मी फडकं धुते, तो पिळतो. पिळत राहतो. मी "पुरे" म्हटलं नाही तर फडक्याचे धागे निघेस्तोवर पिळेल. म्हणजे त्याला सुरू करता येतं, थांबता येत नाही; मला थांबता येतं, सुरू करता येत नाही. गाव सोडून वैशाखात इथे बोळिंजला राहायला आलो तेव्हापासून आम्ही दोघांनी मिळून एका धडधाकट बाईचा स्वयंपाक चालवलाय. भाकरीचं पीठ तो मळतो, थापते मी, दहाच्या पुढे, हात ओळख देऊ लागले की. यातलं काही दीपेशला ठाऊक नाही. त्याला एवढंच दिसतं की आईचे हात गेले आणि आई मामाचं करते. त्याने कर्जतकडची एक संस्था शोधून ठेवलीय. चांगली आहे म्हणे, झाडं आहेत, डॉक्टर येतात. फॉर्म टीव्हीखालच्या खणात आहे. "आई, मी मामाला टाकत नाहीये," तो म्हणाला होता. "पण तुझ्याच्याने होत नाही. आता एक जरी तक्रार आली ना, तर रविवारी आपण बघून येऊ. फक्त बघून." माझा मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी चंद्रहास काका दारात आले. साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि कामाची इतकी सवय की सोसायटीचं रजिस्टर काखेत घेऊन फिरायला जातात. "जिजाताई, वॉल कुणीतरी मुद्दाम बंद करतंय, गच्चीला कुलूप लावतोय. कॅमेरापण बसवतो. एकदा सापडू दे तो इसम, मी त्याची केस नाही केली तर बघा." मी म्हटलं, "बसा ना काका, चहा करते." हे म्हणताना मनात आलं की आधीच्या चहाचा कप धरून आखडलेलं बोट अजून सुटलेलं नाही. "चहा कसला, पाणी कुठंय," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. दादा आत बसून खिडकीबाहेर बघत होता. त्याचे कान आमच्याकडे होते की खाडीकडे, मला कळलं नाही.

शुक्रवारी, चतुर्दशीला, मी सकाळपासून दाराला आतून वरची कडी लावली. दीपेश-मनाली सातलाच गेले होते. साडेआठला दादा उठला, दाराशी गेला, कडी बघितली. माझ्याकडे बघितलं. मी कबुतरं बघितली. तो कडी काढू शकला असता, त्याच्या बोटांत अजूनही फळी ओढायचं बळ आहे. पण घरातल्या बाईने लावलेली कडी तो काढत नाही, ही त्याची रीत. तो दारावर तळहात टेकवून उभा राहिला. नऊ. साडेनऊ. ओठ हलत होते, आवाज नाही. दहाच्या सुमाराला त्याच्या पायजम्यातून ओघळ आला आणि लादीवर पसरला. माझा भाऊ. मी फडकं आणलं, वाकता येईना, तेव्हा पायाने पुसलं. त्याला बाथरूममध्ये नेलं, नळाला पाणी होतं, भरपूर. ग्रुपवर चंद्रहास काकांनी लिहिलं होतं की बघा, नुसतं कुलूप लावायचं म्हटल्याबरोबर चोर सुधारला. पंचवीस जणांनी अंगठे दाखवले.

आणि त्याच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतताना, तांब्या दोन मनगटांत धरून, मला ते आठवलं जे मी कधी विसरले नव्हते. असंच उधाण होतं, भाद्रपदातलंच, आबा तापाने पडलेले. मी बांधावर काठीशी. घरी आत्या आली होती, पाचूबंदराहून, आणि ती आली की मोठ्या कोळंबीचं कालवण व्हायचं आणि कालवण झालं की आमची चुलतभावंडं कोळंब्या मोजून संपवायची. पाणी वरच्या खाचेवरच होतं. मला वाटलं जरा हललं. खरं तर नाही वाटलं. मी ओरडले, "पानी फिरला." दादाने फळी ओढली आणि मी पळत सुटले. कोळंबी मला मिळाली. चार. संध्याकाळी शेताच्या खालच्या दोन पट्ट्यांत पांढरा फेस होता, आणि आठवड्याने भात असा झाला की जणू कुणी वरून निखारे फिरवलेत. ते दोन पट्टे पुढे तीन वर्षं पिकले नाहीत. आबा अंथरुणातून उठून आले, विचारलं, फळी कुणी काढली, कुणी सांगितलं. दादा म्हणाला, "मना वाटला, फिरला." माझ्याकडे बघितलंही नाही. आबांनी त्याला सगळ्या गावादेखत वल्ह्याने मारलं. त्यानंतर मी ओरडले की तो विचारायचा, "फिरला ना? नक्की?" दोनदा, तीनदा. काठीपाशी स्वतः येऊन बघायचा. डॉक्टरांना मी एकदा हे सगळं सांगितलं होतं, दादाला बाहेर बसवून. ते म्हणाले, ताई, असले आजार एका शेतामुळे होत नाहीत. मी त्यांचा शब्द मानला. मानते. तरीपण कोळंबी मी खात नाही, आणि घरच्यांना मी ॲलर्जी सांगितलीय.

शनिवारी सर्वपित्री. आबांचं पान ठेवायचं होतं. मी पहाटे चारलाच उठून हात गरम पाण्यात धरून बसले, म्हणजे नऊपर्यंत ते थोडेतरी माझे व्हावेत. नऊला दादा उठला, दाराकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "चल," मी म्हटलं. लिफ्टने सातवा मजला, पुढे सतरा पायऱ्या. मी कठड्यावर कोपर टेकत टेकत चढले, तो दोन पायऱ्या पुढे थांबत थांबत, वळून न बघता. कुलूप अजून आलंच नव्हतं. कुलपासाठी कमिटीची सही लागते. गच्चीवरून पश्चिमेला झाडांच्या पलीकडे समुद्राची एक चमकती चीर दिसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दादाने सव्वानऊला चाक दोन्ही हातांनी फिरवलं, घट्ट, आणि घट्ट, आणि मी म्हटलं, "पुरे." तो थांबला. टाकीच्या सावलीत बसला. त्याचे खांदे खाली आले. इतके खाली आलेले मी ते वैशाखापासून बघितले नव्हते.

मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. गच्चीपर्यंत चढून त्यासाठीच तर आले होते: तो वॉल लावेल, मी दहा मिनिटांनी म्हणेन पानी फिरला, तो उघडेल, अठ्ठावीस घरांतल्या बायका सर्वपित्रीच्या दिवशी मला शिव्या देणार नाहीत, आणि रविवारी आम्ही कर्जतला जाणार नाही. इतकं सोपं. मी तोंड उघडलं. त्याने लगेच वर बघितलं, सोळा वर्षांच्या पोराने बांधावरच्या पोरीकडे बघावं तसं, माझ्यावर सगळा भार टाकून. मी तोंड मिटलं. खाली पाइपांत खडखड झाली, कुणीतरी नळ उघडून बघत होतं. मग दुसरं. मग जिन्यात पावलं.

चंद्रहास काका वर आले, काखेत रजिस्टर, मागे वॉचमन, त्यामागे टी-शर्टातला दीपेश. काकांनी चाकाकडे बघितलं, दादाच्या गंजलेल्या हातांकडे, मग माझ्याकडे. "जिजाताई, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"परवापासून."

"मामा," दीपेश म्हणाला, आणि मग हळू, "आई, आज सर्वपित्री आहे गं."

वॉचमन चाकाकडे निघाला. दादा उठला नाही, पण त्याचा श्वास बदलला. मी चाकासमोर जाऊन उभी राहिले. मला वाटतं त्या माणसाने माझे हात बघितले आणि थांबला. असल्या हातांच्या बाईला बाजूला कसं सारायचं हे त्याला सुचलं नसावं. "काका," मी म्हटलं, "पाणी सव्वाअकराला येईल. तोच उघडेल. त्याआधी कुणी उघडलं तर तो उद्या परत बंद करेल, परवा परत. सव्वाअकरा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे."

"दोन तास? अहो लोकांचा स्वयंपाक आहे, पानं वाढायचीत."

"माझंपण वाढायचंय. आमच्या वडिलांचंच आहे."

काका काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी चष्मा वर केला. "सव्वाअकरा कशावरून?" मी सांगितलं. तिथी, पाऊणपट, उधाण, दोन तास आधी. ते रजिस्टर उघडून सोमवारपासूनच्या नोंदी बघू लागले, बोटाने एकेक. साडेपाच, सव्वासहा, सात. बोट थांबलं. त्यांचा चेहरा एखादी फाइल वीस वर्षांनी सापडलेल्या माणसासारखा झाला. "च्यायला," ते म्हणाले, "आणि मी प्लंबर बदलला." मग फोन काढून उभ्याउभ्या ग्रुपवर टाइप केलं: बी विंगचं पाणी बरोबर ११.१५ ला येईल. सेक्रेटरी. वर दीपेशकडे बघून म्हणाले, "आजचा दिवस थांबतो. पण हे रोज चालणार नाही, बाबा. काहीतरी ठरवा." आणि वॉचमनला घेऊन खाली गेले.

दीपेश माझ्याशेजारी पत्र्याच्या डब्यावर बसला. "तू सतरा पायऱ्या चढलीस?" मी मान हलवली. "हात दाखव." मी दाखवले. लपवून काही उपयोग नव्हता, गच्चीवरच्या उजेडात बोटांच्या गाठी स्पष्ट दिसत होत्या. त्याने ते धरले नाहीत, नुसते बघितले, लहानपणी माझ्या हातातल्या बांगड्या मोजायचा तसे. "उद्या काय करायचं?" तो म्हणाला. तो कर्जतबद्दल विचारत होता की वॉलबद्दल, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं.

"उद्या प्रतिपदा," मी म्हटलं. "बाराला भरती. दहाला मी वर असेन."

"आणि गुडघे?"

"त्यांना कोण विचारतंय. पाच-सहा दिवस रे. मग भांग लागतो, मग सुट्टी."

तो हसला नाही, पण खाली जाताना सतरंजी शोधतो म्हणाला, डबा गार आहे म्हणून. मी आणि दादा राहिलो. पाऊण तास, तास. ऊन टाकीच्या कडेने सरकत आमच्या पायांशी आलं. खाली कुठेतरी कढीपत्त्याची फोडणी पडली, म्हणजे कुणाकडे तरी साठवणीचं पाणी होतं. समोर काठी नव्हती, खाच नव्हती, ती चमकती चीर इतकी लांब की चढली काय नि उतरली काय. तरी मी तिच्यावरून डोळा हलवला नाही. आणि काही वेळाने तसंच झालं: समुद्र जागच्या जागी आणि आम्हीच, टाकीसकट, वाळत घातलेल्या गोधड्यांसकट, हळूहळू वर.

अकरा वाजून चौदा मिनिटांनी दादाने विचारलं, "फिरला?"

मी थांबले. एक मिनिट फार मोठं असतं. मग बोळिंजला आल्यापासून जी बोली मी घरात कुणाला ऐकू दिली नव्हती, तीत म्हटलं, "पानी फिरला, दादा."

"नक्की?"

"नक्की."

त्याने चाक उलटं फिरवलं. आपल्याच हाताने घट्ट केलेलं, तरी एका झटक्यात. पाइप थरथरले आणि पाणी खाली धावत गेलं, मजल्यामागून मजला, आणि खालून कुणीतरी, बहुतेक सरोजिनीबाई, खिडकीतून ओरडल्या, "आलं गं, अगदी सांगितल्या वेळेला." दादाने हात पायजम्याला पुसले. मला उठता येत नव्हतं. त्याने मनगट धरून मला ओढून उभं केलं, फळी ओढायचा तसं, आणि खूप दुखलं. मी पुरे म्हणायच्या आधीच त्याने सोडलं. पायऱ्यांकडे वळता वळता, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "या टायमाला बराबर बोल्लीस, जिजे."